लांब केसांचं मांजर घरी विंचरताना: गाठी काढणं वेगळं, फणीची सवय वेगळी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. ठाण्यात फ्लॅटमधे राहणारा दोन वर्षांचा डॉल फेस (नाक फार चपटं नसलेला) पर्शियन बोका, रोज अंगावरून रबरी ग्रूमिंग ग्लोव्ह फिरवता तरी पावसाळा सुरू झाल्यापासून काखेत, पोटावर आणि मांड्यांच्या मागे केसांच्या गाठी झाल्यात. मिस्टर धरून ठेवतात आणि तुम्ही स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) ओढून सोडवायला बघता, तो गुरगुरतो, गेल्या आठवड्यात तर दात बोटात घुसला, आणि आता कपाटातून ब्रश काढल्याचा आवाज आला तरी दिवाणाखाली जाऊन बसतो. पार्लरवाला म्हणतो सगळं झिरो करून टाका, सासूबाई म्हणतात खोबरेल तेल चोळून ठेवा, आणि तुम्ही विचारताय की कात्रीने हळूच कापल्या तर चालेल का, की आधी आंघोळ घातली तर सुटतील.

सगळ्यात आधी तुमचं बोट. मांजराचे दात सुईसारखे बारीक, जखम वरून बंद दिसते पण जंतू आत खोल गेलेले असतात आणि हात एका दिवसात सुजू शकतो. अजून डॉक्टरला दाखवलं नसेल तर आजच दाखवा, आणि रेबीज, धनुर्वात दोन्हीचं विचारा, बोक्याची रेबीजची लस चालू असली तरी आणि तो घराबाहेर जात नसला तरी. पुढे कधी चावला तर लगेच वाहत्या नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची आणि मग दवाखाना. हळद, चुना वगैरे काही भरायचं नाही.

आता मांजराकडे येऊ. मी पुण्यात बरीच वर्षं लोकांच्या घरी जाऊन मांजरांचं ग्रूमिंग करते, आणि तुमच्यासारखा फोन जुलै-ऑगस्टमधे हमखास येतो. प्रत्येकाला वाटतं की प्रॉब्लेम गाठींचा आहे. माझ्या मते तुमच्याकडे दोन प्रॉब्लेम आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच बैठकीत सोडवायला जाताय म्हणून अडकलाय. एक, अंगावर आत्ता असलेल्या गाठी, त्या काढताना थोडंफार दुखणारच. दोन, त्याला फणीची सवय लावणं, आणि त्यात अजिबात दुखता कामा नये. ज्या हाताने, ज्या ब्रशने, ज्या जागी तुम्ही गाठ ओढता त्याच हाताने उद्या प्रेमाने विंचरायला गेलात तर त्याने का विश्वास ठेवावा? त्याच्या दृष्टीने ब्रश म्हणजे चिमटे. त्यामुळे आधी गाठींचा निकाल लावायचा, एकदाच, शक्यतो वेगळ्या माणसाकडून किंवा निदान वेगळ्या जागी, आणि मग मोकळ्या अंगावर सवय पहिल्यापासून लावायची. बाकी सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

रोज ग्लोव्ह फिरवूनही गाठी का झाल्या, ते बघा. पर्शियनच्या अंगावर वरचे लांब केस असतात आणि त्याखाली कापसासारखी दाट मऊ लव. (विकणारे "ट्रिपल कोट" म्हणून जास्तीचे पैसे लावतात, त्यावर जाऊ नका, राठ, मध्यम आणि मऊ असे तीन प्रकारचे केस बहुतेक सगळ्याच मांजरांना असतात, पर्शियनमधे लव लांब आणि दाट असते इतकंच.) गळून सुटलेली लव खाली पडत नाही, वरच्या केसांत अडकून राहते. जिथे घासलं जातं, म्हणजे काख, जांघ, कानामागे, गळ्यातल्या पट्ट्याखाली, तिथे ती दाबली जाऊन तिचा गोळा होतो. दमट हवेत अजून लवकर होतो, ठाण्या-मुंबईची हवा तर विचारू नका. रबरी ग्लोव्ह फक्त वरचे केस गुळगुळीत करतो, लवेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे वरून मांजर जाहिरातीतल्यासारखं दिसतं आणि खाली गाठी जमत राहतात. आखूड केसांच्या मांजरासाठी ग्लोव्ह छान आहे, तुमच्याकडे तो फक्त लाड करायला ठेवा.

आता कात्री. नाही, आणि यात जर-तर काही नाही. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, काही ठिकाणी अर्धा मिलिमीटरसुद्धा जाडी नसते. गाठ घट्ट होते तेव्हा ती कातडीला स्वतःबरोबर वर ओढून घेते, तंबूचा कापड मधून उचलल्यासारखी. तुम्हाला वाटतं आपण गाठीच्या खालून कापतोय, प्रत्यक्षात कातडीची घडी कात्रीत आलेली असते, आणि केसांत ती दिसत नाही. एरवी शांत असलेलं मांजर नेमकं त्याच क्षणी झटका देतं. जनावरांच्या डॉक्टरांकडे अशा कापलेल्या जखमा घेऊन लोक नेहमी येतात, टाके पडतात, आणि सगळे हेच म्हणतात की हळूच कापत होतो. बोथट टोकाची कात्री असेल तरी तेच, कारण कापतं ते टोक नाही, पातं.

आंघोळीने गाठ सुटेल हा समज कुठून आला माहीत नाही पण फार पसरलाय. होतं उलटं. लव भिजली की आवळते आणि वाळताना गाठ आणखी घट्ट बसते, शिवाय आतला ओलावा दिवसभर निघत नाही आणि खालची कातडी लाल होते, कधी वास यायला लागतो. नियम सरळ आहे, आधी विंचरायचं मग आंघोळ. गाठ असलेलं मांजर भिजवायचं नाही. आणि सासूबाईंना सांगा की खोबरेल तेल विषारी वगैरे नाही पण तेलकट केसांवर धूळ आणि लिटर (शी-शूच्या डब्यातली वाळू) चिकटतं, आणि मांजर ते सगळं चाटून पोटात घेतं, मग पातळ शी, मग मागचे केस खराब, म्हणजे नवीन काम. त्याऐवजी स्वयंपाकघरातला कॉर्नफ्लॉवर घ्या. चिमूटभर गाठीत बोटांनी चोळला की केस एकमेकांवरून सरकायला लागतात, आणि चाटला तरी काही बिघडत नाही. टाल्कम पावडर नको, तिची धूळ नाकात जाते आणि वर सुगंध वेगळाच.

मग गाठी काढायच्या कशा? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे आणि मी फोटो न बघता ठाम सांगणार नाही, पण तुम्ही स्वतः कसं ओळखायचं ते सांगते. तो झोपेत असताना बोटांनी चाचपा, फणी नको. गाठ कातडीपासून लांब असेल, म्हणजे गाठ आणि कातडी यांच्यामधे बोटाचं टोक जाईल इतके मोकळे केस असतील, आणि ती दोन बोटांत फाकवता येत असेल, तर ती घरी सुटते. गाठ कातडीला चिकटून बसली असेल, चपटी आणि कडक लागत असेल, किंवा दोन-तीन मिळून एकच पट्टा झाला असेल, तर ती घरी सोडवायची नाही, मशीननेच, म्हणजे केस कापायच्या क्लिपरनेच काढायची. आणि गाठीखालची कातडी लाल, ओली, खपली धरलेली असेल किंवा वास येत असेल, किंवा हात लावताच तो ओरडत असेल तर पार्लर नाही, थेट डॉक्टर.

घरी सुटणारी गाठ अशी सोडवायची. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाठीच्या मुळाशी, कातडीच्या अगदी जवळ केस चिमटीत घट्ट धरायचे. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मग ओढ तुमच्या बोटांवर येते, कातडीपर्यंत जात नाही. लहानपणी आईने केस विंचरताना मुळाशी धरले तर दुखायचं नाही, अगदी तेच. मग कॉर्नफ्लॉवर लावून गाठ बोटांनी मधोमध फाकवायची, दोनाच्या चार करायच्या, आणि फणीच्या टोकाच्या दोन-तीन दातांनी गाठीच्या बाहेरच्या टोकापासून थोडं थोडं उचकायचं, मुळापासून ओढायचं नाही. एका वेळी एकच गाठ, आणि ती अर्धीच सुटली तरी सोडून द्यायचं. अर्धी सुटलेली गाठ उद्या सुटते, चिडलेलं मांजर उद्या सापडत नाही.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून काखेतल्या आणि पोटावरच्या गाठी मात्र मशीनच्या वाटतायत. त्यासाठी सगळं अंग झिरो करायची गरज बहुतेक नाही. फक्त काख, पोट, जांघ एवढंच साफ करून घ्या, उभं मांजर वरून बघितलं तर कळणारही नाही. पार्लरवाल्याला पूर्ण झिरो सोपं पडतं म्हणून तो तसं म्हणतो, त्याचीही चूक नाही, वेळ कमी लागतो. पण केस पूर्ण लांबीला यायला चार-सहा महिने जातात, काहींना जास्त, आणि उन्हाळ्यात "गरम होतं बिचाऱ्याला" म्हणून सरसकट झिरो करणं मला पटत नाही, बाल्कनीत उन्हात बसणाऱ्या मांजराची उघडी कातडी भाजते. हां, पाठ, बरगड्या, पोट सगळीकडे चादरीसारखा एकच थर झाला असेल तर मात्र झिरोशिवाय इलाज नाही आणि तिथे हळहळत बसू नये, ते ओझं अंगावर असताना मांजराला चालतानासुद्धा ओढ बसत असते. अजून एक गंमत, तुमचा बोका हिमालयन असेल, म्हणजे अंग फिकट आणि तोंड, कान, पाय, शेपूट गडद, तर जिथले केस काढले तिथे नवीन केस गडद रंगाचे येऊ शकतात, कारण या मांजरांचा रंग अंगाच्या उष्णतेवर ठरतो, थंड भाग गडद. घाबरू नका, पुढच्या गळतीत बहुतेक परत पहिल्यासारखे होतात.

घरी मशीन वापरायचं का? अनुभव नसेल तर काख आणि पोटापासून सुरुवात करू नका असं माझं स्पष्ट मत. तिथली कातडी सगळ्यात सैल. मांडी आणि पोट यांच्यामधे कातडीचा जो पडदा असतो तो ब्लेडमधे सहज येतो, आणि पोटावर स्तनाग्रं असतात, बोक्यालाही असतात, केसांत दिसत नाहीत आणि लोकांच्या लक्षातच येत नाही. शिवाय ब्लेड चालता चालता तापतं, आम्ही दर थोड्या वेळाने मनगटाला लावून बघतो. दाढीचा ट्रिमर तर या कामाला नकोच, तो दाट लवेत अडकतो आणि ओढतो.

डॉक्टरांकडे नेलंत आणि तो हात लावू देत नसेल तर ते गुंगीचं इंजेक्शन देऊ का विचारतील. लोक या शब्दाला घाबरतात, पण चार जणांनी दाबून धरून केलेल्या कामापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त पर्शियन आहे हे लक्षात घेऊन दोन गोष्टी विचारा. चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होतो, डॉल फेसला कमी, पंच फेसला (अगदी बसक्या चेहऱ्याच्या पर्शियनला) जास्त. आणि पर्शियनमधे किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, तेव्हा आधी रक्ततपासणी करून घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. उपाशी किती वेळ ठेवायचं तेही त्यांनाच विचारा, अंदाजाने दोन दिवस उपाशी ठेवू नका, मांजरांना ते बाधतं.

इथपर्यंत पहिलं काम. गाठी निघाल्या की निदान एक आठवडा ब्रश, फणी, पकडापकडी सगळं बंद. तो स्लिकर तर घरातून नजरेआडच करा, त्याची आठवण त्या ब्रशशी जोडली गेलीय, नवीन हत्यार आणा. काय आणायचं म्हणाल तर स्टीलची फणी, जिचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात, आणि दातांची टोकं गोल असतात. विकत घेताना स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला फिरवून बघा, ओरखडा उठला तर परत ठेवा. माझं ८० टक्के काम या एका फणीवर होतं. चेहऱ्यासाठी बारीक दातांची छोटी फणी, बस. ते ब्लेड असलेलं डीशेडिंग टूल, जे फिरवलं की भसाभस केस निघतात आणि व्हिडिओत फार छान दिसतं, ते पर्शियनवर मी वापरत नाही, ते चांगले केसही कापतं आणि एकाच जागी दोन-चार वेळा जास्त फिरलं की कातडी सोलते.

सवय लावायची ती अशी. आठवडाभर फणी त्याच्या जेवणाच्या वाटीशेजारी नुसती पडलेली असू दे. तो हुंगेल, गाल घासेल, दुर्लक्ष करेल, सगळं चालेल, तुम्ही काही करायचं नाही. मग एक दिवस तो जेवून पेंगत असताना, दुपारची वेळ सगळ्यात चांगली, संध्याकाळी ते शिकारीच्या मूडमधे असतात, फणीची पाठ त्याच्या गालावरून एकदा फिरवा आणि लगेच काहीतरी आवडीचं चाटायला द्या. ट्यूबमधली चाटायची ट्रीट असते ती, किंवा उकडलेलं चिकन बारीक करून, पण मीठ-मसाला नको आणि कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजरांना तो विषारी आहे. मग संपलं, उठून जा. हो, एवढंच. दुसऱ्या दिवशी गाल आणि हनुवटी. मग दातांच्या बाजूने गाल, मान, मग खांदे, मग पाठ. गाल आणि कानाखालची जागा त्यांना स्वतःलाच आवडते म्हणून तिथून सुरुवात, पोट आणि शेपटीचं बूड शेवटी. किती दिवस लागतील ते त्याच्यावर आहे. काही मांजरं पंधरा दिवसांत येतात, तुमच्यासारखी दुखावलेली दोन-तीन महिनेही घेतात. पुढे जाताना बिथरला तर एक पायरी मागे या, त्यात काही बिघडत नाही.

मिस्टरांना धरायला लावू नका. हे मी प्रत्येक घरी सांगते आणि प्रत्येक घरी कोणीतरी म्हणतं की मग तो पळून जाईल. जाऊ दे की! पळता येतंय हे कळलं की मांजर जास्त वेळ बसतं, हे खोटं वाटेल पण करून बघा. मान पकडून उचलणं तर नकोच, मोठ्या मांजराला त्याने शांत वाटत नाही, तो भीतीने आखडतो. मिस्टरांना ट्रीटची ताटली धरायचं काम द्या, समोर बसून, म्हणजे बोक्याचं तोंड तिकडे आणि तुमचा हात मागे. जमिनीवरच बसा, खाली चटई किंवा टॉवेल, टेबलावर पाय घसरले की मांजर घाबरतं.

थांबायचं कधी हे कळलं की चावणं बंद होतं. मांजर न सांगता चावत नाही, आपण वाचत नाही. शेपटीचं टोक फटफट हलायला लागलं, कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, किंवा तो मान वळवून तुमच्या हाताकडे नुसता बघायला लागला, तर तुम्ही आधीच थोडं जास्त केलंय. त्या क्षणी हात उचला. आणि घुरघुरतोय म्हणजे खूश आहे असंही धरू नका, दुखत असताना आणि घाबरलेली असतानाही मांजरं घुरघुरतात. तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. तुमचं काम अर्धं राहिलं आणि त्याला अजून हवंय असं वाटत असताना थांबलात तर ती बैठक उत्तम.

विंचरायचं तंत्र असं की वरून फणी फिरवून उपयोग नाही. केसांचा भांग पाडतो तसं एका हाताने केस वर उचलून धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि तिथून खालचा एक पातळ थर विंचरायचा, मग बोटभर वर सरकून पुढचा थर. रोज सगळं अंग करायची गरज नाही, आज डावी बाजू, उद्या उजवी, परवा मागचा भाग. काख मात्र दर दिवसाआड बघा. काखेसाठी त्याला उताणं पाडू नका, कुशीवर लोळलेला असताना वरचा पुढचा पाय जरासा, अगदी थोडा पुढे घ्या आणि दोनदा फणी फिरवा. पाय बाजूला फाकवू नका, मांजराचा खांदा तसा फिरत नाही, दुखतं, आणि आपल्याला वाटतं नाटकं करतोय. पोट उभा असतानाच खालून हात घालून होतं. सुरुवातीला फणी नको, नुसती बोटं, बोटांना गाठ डोळ्यांपेक्षा आधी सापडते.

आंघोळीचं म्हणाल तर घरातल्या मांजराला दर आठवड्याला घालणारे लोक आहेत, त्याची काही गरज नाही. पर्शियनचे केस तेलकट होतात म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी घातली तर ठीक, पण आधी पूर्ण विंचरून, कोमट पाणी, मांजरांसाठीचाच शांपू, आणि नंतर मुळापर्यंत वाळवणं. खरी गोम वाळवण्यात आहे. टॉवेलने चोळायचं नाही, दाबून टिपायचं, चोळलं की तिथेच गाठी. ड्रायर कमी उष्णतेवर, लांबून, एका हाताने केस मोकळे करत. ड्रायरच्या आवाजाला घाबरत असेल तर पावसाळ्यात आंघोळच टाळा, ओली लव घेऊन फिरणारं मांजर म्हणजे बुरशीला आमंत्रण. डेटॉल, फिनाईल, टी ट्री ऑइल हे पाण्यात घालणारे अजूनही भेटतात. मांजराचं यकृत यातले बरेच पदार्थ पचवू शकत नाही आणि अंगावरचं सगळं ते चाटतं, म्हणून हे पूर्ण बंद. तसंच पिसवांसाठी कुत्र्याचं औषध कधीच लावू नका. पर्मेथ्रिन असलेल्या औषधाने मांजराला झटके येतात, जीव जातो.

चेहरा आणि मागची बाजू पटकन सांगते. डोळ्यांतून पाणी येतं ते रोज उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने टिपा, नाकाच्या बाजूने बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. मिशा कापायच्या नाहीत. मागच्या बाजूचे केस दोन-तीन महिन्यांनी मशीनने आखूड करून घ्या, शी चिकटत नाही. त्याला दूध-भात किंवा दूध-पोळी देत असाल तर बंद करा, मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही, आणि मांसाशिवाय केसांना तकाकी येतच नाही. नखांची टोकं विंचरायच्या आदल्या दिवशी कापली तर ओरखडे वाचतात, फक्त पांढरं टोक, गुलाबी भागाच्या अलीकडे.

शेपटीच्या बुडाशी केस तुपकट होऊन काळे कण दिसत असतील तर दोन शक्यता. नसबंदी न झालेल्या बोक्यांना तिथल्या ग्रंथीतून जास्त तेल येतं, ते असेल, किंवा पिसवांची घाण. कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा, तांबूस रंग उतरला तर पिसवा. आणि विंचरताना गोल टक्कल, कोंडा, तुटके केस दिसले तर तिथे फणी थांबवा, ते गजकर्ण असू शकतं, पर्शियनला जास्त होतं आणि माणसाला लागतं, विशेषतः लहान मुलांना. फणी वेगळी ठेवा, हात धुवा, डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधून माणसांचं मलम आणून लावू नका.

तुमचा बोका तरुण आहे म्हणून लागू नाही, पण वाचणाऱ्या कोणाकडे आठ-दहा वर्षांचं मांजर असेल आणि त्याच्या पाठीवर, कमरेवर अचानक गाठी व्हायला लागल्या असतील तर फणी शोधू नका, कारण शोधा. पाठीवर सहसा गाठी होत नाहीत, तिथे झाल्या म्हणजे ते स्वतःला चाटत नाहीये. दात दुखत असतात, सांधे दुखत असतात, वजन इतकं वाढलेलं असतं की तोंड पोचत नाही, किंवा आतून काही आजार असतो. अशा मांजराला नुसतं साफ करून घरी पाठवणं मला जमत नाही, मी आधी डॉक्टरांकडे जायला सांगते.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आजच बोट दाखवून घ्या, या आठवड्यात ब्रश बंद, बोटांनी चाचपून गाठींचा अंदाज. मग काख, पोट, जांघ मशीनने, डॉक्टरांकडे किंवा मांजरांची सवय असलेल्या ग्रूमरकडे. मग आठवडाभर विश्रांती, मग वाटीशेजारी फणी.

ग्रूमर ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा. मांजर आणि कुत्रे एकाच खोलीत ठेवता का, काम चालू असताना मला थांबता येईल का, आणि माझं मांजर फार चिडलं तर तुम्ही काय करता. तिसऱ्याचं उत्तर "थांबतो आणि परत बोलावतो" असं आलं तर जा. "काही होत नाही, आम्ही धरतो बरोबर" असं आलं तर दुसरा नंबर लावा.